तारेवरचे बोंबील

"सगळं ठीक आहे हो तुमचं," चिकूतली बी काढता काढता अण्णा म्हणाले, "पण पुढे काय?"

सूर्यकांत मुलगी बघायला आला होता. मुलगी समोर बसली होती, बघून झाली होती, आणि पुढे काय ते त्याच्या मनात केव्हाच ठरून गेलं होतं. पण अण्णा लग्नाबद्दल विचारत नव्हते.

"म्हणजे असं बघा," अण्णा म्हणाले, "इंजिनिअर म्हटला की त्यानं काहीतरी बांधावं. पूल बांधावा, धरण बांधावं. वीस वर्षांनी तिथून जाताना बायकोला सांगता येतं, हा पूल माझा. तुम्ही काय दाखवणार? तार?"

"तारेतून वीज जाते, अण्णा."

"जाते, मान्य. पण आमच्या डहाणूत दिवे लागले की आता. दिवा एकदा लागला की इंजिनिअरचं काम काय उरतं? बटण दाबायला तर आमची प्रभासुद्धा पुरते."

अण्णा मामलेदार कचेरीत हेडक्लार्क होते. तीस वर्षं फायली चाळून त्यांची अशी खात्री झाली होती की जगात माणसं दोनच प्रकारची असतात, कायम आणि हंगामी. कुणी वारल्याचं कळलं तरी ते आधी हळहळत आणि मग "पण कायम होता हो," असं म्हणून समाधान मानत. सूर्यकांत विजेच्या खात्यात होता, पहिल्या वर्गात पास झालेला होता, दिसायलाही बरा होता. पण हंगामी होता.

"पालघरहून एक स्थळ आलंय," अण्णा म्हणाले. "ओव्हरसियर आहे, पुलाच्या कामावर. कायम. मी स्वतः जाऊन पूल बघून आलो. त्यांना रविवारी कळवायचं आहे. तोवर तुमचा कायमचा हुकूम निघाला तर विचार करू."

प्रभा इतका वेळ गप्प होती. ती मुलींच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे वर्ग शांत झाल्याशिवाय बोलायची तिला सवय नव्हती. आता ती म्हणाली, "तुम्हाला हे काम आवडतं का?"

इतक्या वेळात सूर्यकांतला हे कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या आईनंसुद्धा कधी विचारलं नव्हतं. "फार आवडतं," तो म्हणाला, आणि ते इतक्या मनापासून म्हणाला की अण्णांनी दुसरा चिकू घेतला आणि विषय बदलला.

कायमचा हुकूम निघण्याची आशा मात्र खरोखरच होती. सूर्यकांतच्या साहेबांनी सांगितलं होतं, "शनिवारी संध्याकाळी खाडीपलीकडच्या धाकट्या डहाणूत दिवा लावून दाखवा आणि विजेसाठी निदान पंचवीस अर्ज गोळा करा. मग तुमचं कायमचं बघतो." दोन महिने त्याच कामावर तो राबत होता. खांब उभे होते, तार तेवढी चढवायची होती. अर्जांचं मात्र अवघड होतं. आत्तापर्यंत दोन आले होते, एक शाळेतल्या मास्तरांचा आणि दुसरा त्यांच्या सख्ख्या भावाचा.

त्याला कारण सूर्यकांतच होता. नियमाप्रमाणे त्यानं प्रत्येक खांबावर धोक्याची पाटी लावली होती आणि पाटीवर कवटी होती. "ज्या खांबावर सरकारनं मुंडकं टांगलंय, त्याच्यावरनं घरात काय आणायचं?" असं विठाबाई कोळणीनं भर बाजारात विचारलं होतं, आणि विठाबाईच्या नवऱ्याच्या दोन होड्या असल्यामुळे तिचा शब्द गावात चालायचा.

मंगळवारी तार उलगडली. सूर्यकांतनं पुस्तकात वाचलं होतं की अॅल्युमिनियमची तार जमिनीवर घासू द्यायची नाही. त्यानं वायरमन रामाला सांगितलं, "बांबू रोव आणि तार त्यावर छातीइतक्या उंचीवर ठेव. उद्या सकाळी खांबावर चढवू."

"वाळूत टाकू की साहेब," रामा म्हणाला. "कोण नेतंय?"

"नेण्याचा प्रश्न नाही रे. ओरखडे पडतात."

"पन साहेब, या गावात छातीएवढ्या उंचीवर काय ताणून ठेवू नये."

"का?"

"तसं काय नाय," रामा म्हणाला. साहेब पुस्तक वाचून आलाय म्हटल्यावर आपण कशाला मध्ये पडा, असा त्यानं विचार केला आणि किनाऱ्यावर पडलेले बांबू विठाबाईकडून मागून आणले. तिनंही ते आनंदानं दिले. संध्याकाळपर्यंत तीनशे वार तार त्या बांबूंवर ऐटीत उभी राहिली. ती बघून सूर्यकांतला फार बरं वाटलं.

सूर्यकांतचा जन्म पालघरचा असला तरी तो लहानपणापासून मामाकडे पुण्यात वाढलेला होता. बोंबील त्याला ताटात ओळखता येत होता, दोरीवर नाही. बांबू रोवून त्यांवर छातीइतक्या उंचीला दोऱ्या ताणतात, त्याला वलांडी म्हणतात, आणि साऱ्या धाकट्या डहाणूचे बोंबील त्याच वलांडीवर वाळतात, हे त्याला बुधवारी सकाळी कळलं.

तो आला तेव्हा त्याची तार दिसत नव्हती. तीनशे वार लांब बोंबील दिसत होते. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून केलेल्या जोड्या, एकीला एक खेटून, शिस्तीत लटकत होत्या आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं. पहिल्या बांबूच्या बुडाशी नारळ फोडलेला होता. रामा थोडा लांब, समुद्राकडे तोंड करून उभा होता.

"हे कुणी केलं?" सूर्यकांतनं विचारलं.

"आमी," विठाबाई पुढे होऊन म्हणाली. ती अतिशय खुशीत होती. "सायब, लई झ्याक दोरी हाय. फुगत नाय, सडत नाय. मागल्या महिन्यात मासळीखात्याचा मानूस बोलून गेलेला, सरकार तुमाला नवी वलांडी देनार म्हनून. आमाला वाटलं नुसता बोलून गेला. पन तुमी दिलीत."

"अहो, ही वलांडी नाही. ही विजेची तार आहे."

विठाबाईनं तारेकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे बघितलं. मागच्या बायका दोन पावलं मागे सरल्या. "मुंडक्याची?" तिनं विचारलं.

"त्याच खांबांवर चढवायची आहे. पण अजून तिच्यात वीज सोडलेली नाही. घाबरू नका."

"आन सोडल्यावर?"

"सोडल्यावर तार वर असेल, तुम्ही खाली असाल."

"आन मधी?"

"मध्ये मी आहे ना," सूर्यकांत वैतागून म्हणाला. "त्यासाठीच मला ठेवलंय. आता हे बोंबील काढा बघू."

"काढते की. कवा काढू?"

"आत्ता."

आता मात्र सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. ओले बोंबील उतरवून ढीग केला तर दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो. बाकीच्या सगळ्या वलांड्या भरलेल्या होत्या, कारण काल होड्या भरून आल्या होत्या. शिवाय नारळ फोडून घातलेला पहिला माल उतरवायचा नसतो. एका म्हातारीनं तर सरळ विचारलं की सरकारला दिवा लावायची एवढी घाई असेल तर आजवर सरकार कुठं होतं.

"वाळायला किती दिवस लागतील?" त्यानं शेवटी विचारलं.

"ऊन हाय. शुक्रवारी दुपारी उतरवते," विठाबाई म्हणाली. "जबान दिली."

शुक्रवारी दुपारी तार मोकळी झाली तर शनिवारी दिवा लागू शकत होता, पण जेमतेम. सूर्यकांत कबूल झाला. मग इंजिनिअरच्या रुबाबात जे म्हणायची गरज नव्हती तेही म्हणाला, "पण एक लक्षात ठेवा. आजपासून या तारेला आमच्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही. नियम आहे."

विठाबाईनं मान हलवली. "बरं. मग दुपारी पलटायला आन कावळे हाकायला तुमीच. आमी बाजारला जातो." आणि पाट्या डोक्यावर घेऊन बायका खरंच निघून गेल्या.

"साहेब," रामा समुद्राकडेच बघत म्हणाला, "मी तर बोललो होतो."

बुधवारचा दिवस कसाबसा गेला. गुरुवारी कावळ्यांना बातमी लागली. धाकट्या डहाणूच्या इतर वलांड्यांवर म्हाताऱ्या बसलेल्या असत आणि त्यांचा नेम साऱ्या कावळ्यांना ठाऊक होता. इथे मात्र एक नवखा माणूस पँट-शर्ट घालून छत्री फिरवत होता. कावळे आशागडपासून आले असावेत. सूर्यकांत एका टोकाला पळाला की ते दुसऱ्या टोकाला उतरत. रामा दुसऱ्या टोकाला पळाला की मध्यावर. शेवटी दोघांनी तार तीन भागांत वाटून घेतली, आणि तिसऱ्या भागासाठी सूर्यकांतनं स्वतःचा कोट बांबूवर अडकवून वर हॅट ठेवली.

नेमक्या त्याच वेळी अण्णा तरीच्या होडीतून खाडी उतरून आले.

ते आपणहून आलेले नव्हते. आदल्या दिवशी प्रभा त्यांना म्हणाली होती, "हो म्हणायच्या आधी पूल बघून आलात, मग नाही म्हणायच्या आधी तार तरी बघून या." यात अण्णांना कचेरीच्या दृष्टीनं काही चूक सापडली नाही, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते आले होते. आता ते धोतराचा सोगा सांभाळत उभे होते आणि प्रथम वर्गात पास झालेला इंजिनिअर त्यांच्यासमोरून, छत्री उगारून, कावळ्यामागे गेला.

परत आल्यावर सूर्यकांतनं छत्री मिटली. "या अण्णा," तो म्हणाला.

"काय चाललंय?"

"काम."

अण्णांनी तारेवरून नजर फिरवली. नजर तीनशे वार जाऊन परत आली. "विजेच्या खात्यात हे पद कायम आहे का?" त्यांनी विचारलं.

सूर्यकांतनं झालं ते सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही, लपवण्यासारखं काही दिसतही नव्हतं. सांगताना त्याला वाटलं, संपलं. हा माणूस आता घरी जाऊन रविवारची वाट न बघता पालघरला पत्र टाकणार. प्रभानं विचारलेला तो एक प्रश्न त्याला आठवला, आणि एवढं सगळं होऊनही आपलं उत्तर तेच आहे याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

तेवढ्यात बाजारहून बायका परतल्या. विठाबाईनं पाटी उतरवली आणि कुणाशीही न बोलता ती तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. मध्येमध्ये बोंबील बोटांनी दाबून बघत होती. परत आली तेव्हा तिचा चेहरा गंभीर होता.

"रामा," ती म्हणाली, "किती गेले?"

"सात जोड्या."

"माझी सासू बसली तर पंचवीस जातात." ती सूर्यकांतकडे वळली. "सायब, ती वीज मधी आली तर तुमी असंच राखनार ना आमाला?"

"हो."

"मग लिवा माझा अर्ज. एक दिवा पडवीत, एक चुलीपाशी." आणि मागे बघून ती बाकीच्यांना म्हणाली, "ज्यानं परक्याचे बोंबील एवढे राखले त्याच्या विजेला काय भ्यायचं गो?"

बायका पुढे सरकल्या. सूर्यकांतनं घाईघाईनं पिशवीतून कागद काढले आणि एका उपड्या होडीवर ठेवून लिहायला सुरुवात केली. अण्णा जायला निघाले होते. जाता जाता त्यांची नजर कागदावर पडली आणि ते थांबले.

"हे काय लिहिताय?"

"अर्ज."

"हा अर्ज आहे? अर्जदाराचं नाव वर? आणि विषय कुठाय? समास कुठाय?" अण्णांचा आवाज चढला. "अहो, असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी उलट टपाली परत पाठवला असता. सरका."

ते होडीशेजारी मांडी घालून बसले, खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि पुढचे तीन तास उठले नाहीत. मध्येच एकदा मान वर करून म्हणाले, "या लग्नाशी माझा काही संबंध नाही. मी फक्त अर्ज शुद्ध करतोय." अंगठे कसे उठवायचे ते त्यांनी प्रत्येक बाईला वेगळं समजावून सांगितलं. सूर्यकांत आणि रामा कावळे हाकत राहिले. उन्हं उतरली तेव्हा मास्तरांचा आणि त्यांच्या भावाचा धरून तेहेतीस अर्ज झाले होते आणि अण्णांनी आणखी कुणी आहे का म्हणून इकडेतिकडे बघितलं.

विठाबाईनं शब्द पाळला. शुक्रवारी दुपारी बोंबील उतरले, आणि खारं पाणी तारेला बाधतं म्हटल्यावर बायकांनी गोडं पाणी आणून जुन्या लुगड्यांनी सगळी तार पुसून काढली. संध्याकाळपर्यंत ती खांबांवर चढली. शनिवारी दिवेलागणीला साहेब आले, कळ दाबली गेली आणि विठाबाईच्या पडवीत दिवा लागला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळी माणसं नुसती दिव्याकडे बघत राहिली. मग विठाबाईनं दिव्याला हात जोडले. आपण काय करतो हे दोन महिन्यांत सूर्यकांतला पहिल्यांदाच दिसलं.

साहेब भलतेच खूश झाले. त्यांनी अर्ज चाळले. "तेहेतीस? आणि एकातही चूक नाही? मला वाटलं होतं इथे पाचसुद्धा मिळणार नाहीत. तुम्हाला माणसं धरता येतात, सूर्यकांत. सोमवारपासून गंजाडकडचं काम घ्या, मग थेट तलासरीपर्यंत. सगळं तुमच्याकडे."

"आणि कायमचं, साहेब?"

"ते आता कसं जमेल?" साहेब म्हणाले. "कायम केलं की तुम्हाला ठाण्याला टेबलावर बसवावं लागेल. तुमच्यासारखा माणूस टेबलावर बसवून कसं चालेल? तलासरीपर्यंतचं काम संपेपर्यंत राहा असेच."

आपण काम इतकं चांगलं केलं नसतं तर कायम झालो असतो, हे सूर्यकांतला घरी पोचेपर्यंत नीट उमगलं. रविवारी सकाळी तो अण्णांकडे गेला. न जाऊनही चाललं असतं, पण खोटी आशा लावून ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"हुकूम निघाला नाही," तो दारातूनच म्हणाला. "तलासरीपर्यंतचं काम संपेपर्यंत मी हंगामीच राहणार. तेवढं सांगायला आलो होतो. येतो."

"बसा. रामानं रात्रीच सांगितलं सगळं," अण्णा म्हणाले.

त्यांच्यापुढे कचेरीतली गावांची यादी होती आणि तिच्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. ते बहुधा पहाटेपासून बसले असावेत. "धाकट्या डहाणूला तुम्हाला किती दिवस लागले?"

"दोन महिने. त्यात तीन दिवस बोंबलांचे."

"ते धरायचेच. प्रत्येक गावात काही ना काही वाळत असणारच." अण्णांनी कागदावर लिहिलं. "वर्षाला सहा गावं. इथून तलासरीपर्यंत अंधारात असलेली गावं, मी मोजली, एकशे अठ्ठ्याण्णव. म्हणजे तेहेतीस वर्षं. तुमचं वय?"

"चोवीस."

"सत्तावन्न." अण्णांनी आकड्याखाली रेघ मारली. "मी पालघरला नकाराचं पत्र टाकलं. मुलगा कायम आहे, पण पूल पुढच्या चैत्रात संपतो. नदी एकच आहे हो त्यांच्याकडे."

सूर्यकांतला अगदी प्रामाणिक शंका आली. "पण अण्णा, निवृत्ती अठ्ठावन्नला धरली तर शेवटचं एक वर्ष?"

"तोपर्यंत पहिल्या तारा तुटायला लागतील," अण्णा शांतपणे म्हणाले. "तुम्ही त्याची काळजी करू नका, सूर्यकांतराव."

आतल्या दारात प्रभा उभी होती. तिच्या हातात कोरा कागद होता आणि शाळेतलं पेन होतं. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती अण्णांच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "अण्णा, गंजाड झालं की तलासरीच्या बाजूला राहावं लागेल. तिकडच्या शाळेत बदली मागायची तर अर्ज कसा करायचा?"

अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "डावीकडे समास सोड. वर 'मेहेरबान शिक्षणाधिकारी साहेब यांस'. मग विषय."

प्रभानं समास सोडला, मेहेरबान लिहिलं, विषय लिहिला. "आणि अर्जदाराचं नाव?"

"ते शेवटी. आत्ता नुसती जागा सोड," अण्णा म्हणाले. "अर्ज जाईपर्यंत आडनाव बदललेलं असेल."